टाइमवाला साहेब

सौंसरजवळच्या एका शेडवर मी माझा ट्रक घेऊन संत्रा भरायला जायचो. तिथला सुपरवायझर कुठलंसं ट्रेनिंग करून आला आणि त्याला वेळेची बाधाच झाली. रोज संत्रा निवडणाऱ्या बायांना उन्हात उभं करायचा आणि घड्याळाच्या काचेवर नखानं टकटक करत, वेळ कसा वाचवायचा ते सांगत राहायचा. मागं ढीग तापायचा.

एकदा एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, संत्रा नरम पडून राह्यला. हात लावू का आता?"

"मावशी, मधात बोलू नका. आता पुन्हा पहिल्यापासून सांगा लागते!"

आणि त्यानं सांगितलंही. नागपूरला पोचलो तर पेट्यांतून रस गळत होता. व्यापाऱ्यानं तिथूनच त्याला स्पीकरवर फोन लावला. पलीकडून आधी नखाची टकटक आली, मग आवाज, "शेठजी, ड्रायव्हरले टाइमची कदरच नाही."