मोझेसचा डावा हात

रोह्याच्या बाजारपेठेत नव्याने आलेल्या माणसाला पहिले आठ दिवस वाटायचं, की रेडिओवाल्या मोझेसचा डावा हात अधू आहे. कारण तो हात कायम पँटच्या खिशात. एकदा बदलून आलेल्या एका दयाळू मास्तरांनी त्याला मालिशचं तेल आणून दिलं. मोझेसने ते उजव्या हाताने घेतलं, आभार मानले आणि दुकानाच्या कुरकुरणाऱ्या दाराला घातलं.

हात धडधाकट होता. पण तरुणपणी मुंबईत काम शिकत असताना त्याने रेडिओच्या चालू पेटीत दोन्ही हात घातले होते आणि पायांचा उपयोग न करता तो मागच्या भिंतीपर्यंत जाऊन आला होता. तेव्हापासून त्याचं तत्त्वज्ञान एवढंच, की वीज एका हातातून शिरते, दुसऱ्यातून निघते आणि वाटेत काळीज लागतं. म्हणून चालू पेटीला एकच हात लावायचा आणि पायाखाली कोरडी लाकडी फळी घ्यायची. सवय इतकी मुरली, की लग्नात आहेरसुद्धा तो एका हाताने द्यायचा आणि यजमानांना वाटायचं, पाहुणा रागावलेला दिसतो.

एकोणऐंशी सालच्या वैशाखातल्या एका शुक्रवारी, दुपार कलत असताना, दिनानाथ लाऊडस्पीकरवाला बैलगाडीतून आपला अॅम्प्लिफायर घेऊन आला. पेटी त्याच्या वडिलांच्या वेळची. वर काचेचे चार व्हॉल्व्ह, पेटले की देवघरासारखा उजेड. कोलाडपासून खांबपर्यंत या पेटीचा आवाज माहीत नाही असा कुत्रासुद्धा नव्हता. गाडीत पेटीला धरून गिरजाबाई बसली होती.

गिरजाबाई नदीपलीकडच्या वाडीची धवलारीण, म्हणजे हळदीपासून लग्न लागेपर्यंत एकेक विधी गाण्याने पुढे नेणारी बाई. तिच्या गाण्यावाचून त्या वाडीत चाळीस वर्षं एक लग्न लागलं नव्हतं. पण गेल्या साली घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज राहिला चिमणीएवढा. उद्या दुपारी तिच्या नातीची, शांतीची हळद होती. पोरांनी सुचवलं होतं, आजीला बसवा आणि टेपरेकॉर्डर लावा.

"मी त्यांना सांगितलंय, भोंगा बोलला तर मी गाईन," गिरजाबाई म्हणाली. "नायतर टेप लावा नि मला घरात कोंडा."

"काल चालू केला तर तडतडला, धूर आला नि गप झाला," दिनानाथ म्हणाला. "तू काय ते बघ. पण आजच बघ."

आजच बघणं भाग होतं. सूर्य मावळला की मोझेसचा शब्बाथ, म्हणजे ज्यू लोकांचा आठवड्याच्या सुट्टीचा दिवस, सुरू. मग उद्याचा दिवस मावळेपर्यंत तो बटणाला बोट लावणार नाही, हे रोह्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मागच्या खोलीत त्याची आई सिपोरा काचेच्या हंडीत दिव्याचं तेल घालायच्या तयारीला लागलीच होती.

मोझेसने स्क्रू काढून पेटी उलटी केली. दिनानाथने लगेच आत बोट नेलं. "ही वायर जळली का काय?"

"हात मागं घे."

"अरे, पिन काढलेली हाय की."

डावा हात खिशात घालून मोझेसने मीटरची एक तार चिमट्याने पेटीच्या पत्र्याला अडकवली आणि दुसरी उजव्या हाताने आतल्या कपॅसिटरला टेकवली. काटा तीनशे व्होल्टवर गेला.

"कालची वीज हाय ती," मोझेस म्हणाला. "कपॅसिटर साठवून ठेवतो. बोट लावलं असतंस तर गिरजाकाकूंना हळद सोडून वेगळंच काय गावं लागलं असतं."

दिनानाथ चार पावलं मागे सरकला आणि थेट बैलापाशी जाऊन उभा राहिला. मोझेसने जाड रेझिस्टर लावून ती वीज सावकाश उतरवली, काटा शून्यावर आलेला पाहिला आणि थोड्या वेळाने पुन्हा पाहिला. त्याचा विजेवर विश्वास नव्हता.

मग त्याने विजेच्या वाटेत शंभराचा बल्ब जोडला. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगतो आणि पेटी वाचते. बटण दाबलं आणि बल्ब असा पेटला, की गिरजाबाईने सवयीने हात जोडले. पिन काढायची, वीज उतरवायची, एक व्हॉल्व्ह उपसायचा, पुन्हा लावून बघायचं, असं सुरू झालं. मोठा व्हॉल्व्ह काढला तरी बल्ब भगभगतच राहिला. म्हणजे दोष व्हॉल्व्हमध्ये नव्हता. पेटी पुन्हा थंड करून मोझेसने तो व्हॉल्व्ह बसतो त्या खाचेत बॅटरी मारली. दोन पिनांच्या मधोमध जळकी काळी रेघ होती आणि भोवती लाल चिखल.

त्याने तो काडीने काढून वास घेतला. "दिनानाथ, हे कुंकू हाय."

दिनानाथने बैलाची पाठ खाजवली. "दिवे पेटतात ना चार. दर कार्यक्रमाला वाहतो. पेटलेल्या दिव्याला हळदकुंकू नको?"

"किती वर्षं?"

"बाबा वाहायचे. मी तेलाचं बोटपण लावतो."

गिरजाबाईला हसू आवरेना. हसता हसता तिला ठसका लागला आणि तो ठसकासुद्धा जेमतेम ऐकू आला. ते ऐकून मोझेस गंभीर झाला. त्याने जुन्या रेडिओंच्या ढिगातून तसलीच एक खाच शोधली. जोडकामाला दोन्ही हात लागतात, म्हणून त्याने आणखी एकदा काटा शून्यावर पाहिला आणि डावा हात बाहेर काढला. दिनानाथने तो पहिल्यांदाच नीट पाहिला असावा.

आठवी तार जोडली तेव्हा ऊन समोरच्या कौलांवर चढलं होतं. "मोझेस," आतून सिपोरा म्हणाली. एवढंच. बल्ब लावला. तो क्षणभर तेजाळला आणि हळूहळू मिणमिणता झाला. चारही व्हॉल्व्ह उजळले.

"आता माईक लावून बघू," दिनानाथ म्हणाला.

"दिस गेला. उद्या तूच बघ. आत हात घालू नको, आणि कुंकू झाकणावर वाहा. देवाला तेवढ्यानं पोचतं."

त्या रात्री मोझेसला जेवण गेलं नाही. बल्बावर पास झालेल्या पेट्या मांडवात नापास झालेल्या त्याने पाहिल्या होत्या. शनिवारी दुपारी तो आईशेजारी ओट्यावर बसला. नदीपलीकडे शांतता. सनया नाहीत आणि टेपही नाही.

मग खरखर झाली. दिनानाथने माईकवर फुंकर मारली, तीनदा हॅलो म्हटलं आणि लगेच माईक कोणीतरी हिसकावून घेतला. कुंडलिका नदीवरून एक चिरका, बारीक आवाज आला, पण असा स्वच्छ, की बाजारपेठेतला न्हावी वस्तरा उचलून थांबला. गिरजाबाई गाण्याने पोरीला हळद लावायला बसवत होती.

सिपोरा बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने लेकाकडे पाहिलं.

"हात काढ खिशातनं," ती म्हणाली. "आज त्यालापण सुट्टी हाय."