अर्धी चावी

"बा, तमे ज ना पाडी छे," दवाखान्याच्या काउंटरवरची मुलगी गुजरातीत म्हणाली. म्हणे, मीच नको म्हणाले होते. मी ऑपरेशनसाठी उपाशी, पित्ताशयात खडे, काखेत चादर-तांब्याची पिशवी. तिने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. मेल माझंच होतं: 'त्या दिवशी अमावास्या आहे. पुढची तारीख द्यावी.' वर माझं नाव, आणि शेजारी बारीक अक्षरात पाठवणारीचं. आमच्या समोरच्या दारातली.

तुमच्याही गल्लीत अशी एक असेलच. "दिवस बघितला का?" हे तिचं पहिलं बोलणं. कोणी शेगडी घेतली तरी तेच. विचारताना हात भिंतीकडे जायचा. तिच्या घरी तिथे पंचांगाचं कॅलेंडर होतं, आमच्याकडे नुसता चुना. तरी हात जायचाच.

ती बारावी झालेली, पांडेसऱ्याच्या मिलमध्ये ऑफिसात बसलेली. मी चौथी. साड्यांना लेस लावायचं काम घेते. पर्वत पाटियाकडचे साडी-व्यापारी मेल पाठवतात, ते मी उघडत नसे. मुलगा हजीऱ्याला, प्लांटमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत. तो म्हणाला, "पासवर्ड कोणाला देऊ नको. समोरच्या काकूंना परवानगी देतो. त्यांच्या फोनवरून तुझं मेल वाचतील, उत्तर देतील. कॅलेंडर नुसतं बघू द्यायचं, की बदलूही द्यायचं?"

गावी जाताना आम्ही शेजारी चावी ठेवतो. अख्खं घर ठेवतो.

"अर्धी चावी कोण देतं?" मी म्हणाले. "सगळं दे."

वर गल्लीभर सांगत फिरले, मी आता सेक्रेटरी ठेवली आहे.

दवाखान्याच्या पायरीवर बसून तिला फोन लावला. ती अमळनेरकडे लग्नाला गेलेली.

"अवसले कोनी पोट फाडस का, अक्का?"

"मला सांगायचं नाही?"

"कॅलेंडरात टाकलं ना. तुमच्याच फोनात."

"मी बघते का फोन?"

"मग मला कशाला ठेवलं?"

मी पिशवी उचलून पायरीवरून उठले. मुलगा गाडीत एवढंच म्हणाला, "मी विचारलं होतं, आई."

नवी तारीख नवरात्रातली मिळाली. डॉक्टर म्हणाले होते, खडा नळीत सरकला तर जिवाशी खेळ आहे. गणपती उठले आणि पोट असं दुखायला लागलं की मी फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडले. ती रोज पेज आणायची. माफी मागितली नाही. मीही मागू दिली नसती. शहाणपण माझंच होतं. पेज देऊन ती माझ्या उशाशी बसायची आणि माझ्या नावाने दवाखान्याला लिहायची: लवकरची तारीख द्या.

एका दुपारी म्हणाली, "मिळाली. होकार कळवला."

"कधीची?"

"पितृपक्षातली."

"दिवस बघितला का?" मी मुद्दाम विचारलं.

तिचा हात भिंतीकडे गेला नाही. "पितरांना मी समजावते. तुम्ही पिशवी भरा."

पुढच्या वर्षी ती गेली. हृदय बंद पडलं. मी तिच्या घरी जाऊन भिंतीवरचं पंचांग पाहिलं. दिवस चांगला होता.

मुलगा विचारतो, काकूंची परवानगी काढू का? मी म्हणते, राहू दे, गेलेल्या माणसाकडून चावी कशी मागायची. मेल आता मी स्वतः वाचते. फार हळू.

अमावास्येला पोट कोणी फाडलं नाही, पितृपक्षात फाडलं. खडे माझे होते. जगले मी.