राजूर घाटातलं पंक्चर

मोटारीला पडदे असतात हे माझ्या माहेरी कुणाला खरं वाटायचं नाही. माझं माहेर उंद्रीचं, साध्या कास्तकाराचं. सासर धामणगाव बढ्याकडचं, मोठ्या जमिनीचं आणि जमिनीहून मोठ्या अब्रूचं. त्या घरच्या बायका परक्या पुरुषाच्या नजरेला पडत नसत. मामंजींनी कापडी टपाची मोटार घेतली आणि लगोलग शिंप्याला बोलावून मागच्या बैठकीला जाड निळे पडदे शिवून घेतले. मोटार वाऱ्यासारखी पळायची आणि आत आम्ही उकडून निघायचो.

मला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मला उंद्रीला पोचवायला निघालो. पुढे हे मोटार चालवत होते, शेजारी मामंजी. मागे पडद्यात मी आणि सासूबाई. मोटारीचं सगळं हेच बघत. अकोल्याला शिकायला होते तेव्हा पुस्तकांपेक्षा मोटारदुरुस्तीच्या दुकानात जास्त दिवस काढले, असं मामंजी चारचौघांत सांगायचे, आणि ते काही खोटं नव्हतं.

राजूर घाट चढताना मागचं चाक बसलं. माझ्याच बाजूचं. आधी फटकन आवाज झाला, मग मोटार लंगड्या बैलासारखी चालायला लागली. ह्यांनी ती कडेला घेतली. घाटात तेव्हा रस्त्याचं काम चाललं होतं. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं, नागपूरहून कुणी साहेब यायचा असला की आमच्या रस्त्यांचं नशीब उजळायचं. गिट्टी फोडणाऱ्या गड्यांची आणि बायांची रांग जवळच बसलेली होती.

ह्यांनी हातब्रेक ओढला, बाकीच्या चाकांना मोठे दगड लावले, जॅक आणि स्टेपनी काढली. मग मामंजींना म्हणाले, "बाबा, बायाईले उतरवा लागते. चढ हाय. मोटार रिकामी पाहिजे."

"कुठं उतरवतं?" मामंजी म्हणाले. "ह्या गिट्टीवाल्याईसमोर? डोकं ठिकाण्यावर हाय का तुहं?"

"जॅक सरकला तर?"

"तर नीट लाव."

हे जॅक घेऊन चाकाशी गेले. ह्यांची हीच खोड होती, एकदा सांगून पाहायचं आणि मग ऐकायचं. मला मनातून राग आला, पण मी तरी काय केलं, पडद्याच्या फटीला डोळा लावून बसले. आधी ह्यांनी चाकाचे नट सैल केले, जॅकखाली फळी घातली, मग दांडा फिरवायला लागले. आमची बाजू हळूहळू वर आली. गंमत वाटत होती मला. बसलेलं चाक निघालं, हे स्टेपनी उभी धरून जागेवर ढकलायला बसले. वरून एक हात चाकावर, मडगार्डच्या आत.

तेवढ्यात एक गडी आला. चांगल्या मनानेच आला होता बिचारा. "मालक, हात लावू का?" म्हणत तो थेट माझ्या पडद्याशी येऊन उभा राहिला. पुरुषाचा आवाज इतका जवळून आल्याबरोबर सासूबाईंनी मला दंडाला धरून सपकन आपल्याकडे ओढलं आणि स्वतःही पार पलीकडच्या कोपऱ्याला सरकल्या. आमचं सगळं वजन एका दमात त्या अंगाला गेलं. मोटार हलली. जॅक तिरपा होऊन सटकला आणि आमची बाजू धाडकन खाली बसली.

ह्यांचा आवाज मी त्याआधी कधी तसा ऐकला नव्हता, नंतरही नाही. हात चाक आणि मडगार्डच्या पत्र्यात सापडला होता.

मी पडदा बाजूला केला. चेहरा पांढराफटक, ओठ दाताखाली. गिट्टीवाले सगळे धावत आले. पण कुणी मोटारीला हात लावेना. आत बायका आहेत आणि बाहेर मालक उभा आहे, हे त्यांनाही कळत होतं. सगळे मामंजींच्या तोंडाकडे बघत राहिले. आणि मामंजी बघत होते पडद्याकडे.

"आई, उतर," हे म्हणाले. "उतर व आई. हात चालला माहा."

सासूबाई उतरल्या नाहीत.

हे मला आजही पटत नाही. नऊ महिने पोटात वाहिलेला मुलगा हाताच्या अंतरावर कळवळतोय आणि ती बाई जागची हलत नाही. तिचे डोळे नवऱ्याकडे लागलेले. तो हो म्हणेल, निदान मान हलवेल. तो दगडासारखा उभा. मी उठायला गेले तर मनगटाला हिसका बसला. मला वाटलं, घाबरून धरलंय. मग कळलं, त्या मला आत धरून ठेवत होत्या.

मी हात सोडवला. कसा, ते विचारू नका, बांगड्या फुटल्या. चपला आत कुठे होत्या कोण जाणे. ते पोट घेऊन सासूबाईंना ओलांडून पलीकडच्या अंगाने खाली उतरले आणि वळसा घालून भर उन्हात त्या सगळ्या माणसांच्या पुढे जाऊन उभी राहिले. "उचला," म्हटलं. सासरी आल्यापासून पुरुषांपुढे काढलेला माझा पहिला शब्द तो.

त्यांनी खांदे लावले. सासूबाई आतच होत्या, त्यांच्यासकट उचलली मोटार. ह्यांनी हात ओढून घेतला. मी तो धरायला पुढे झाले. तेव्हा मामंजी पहिल्यांदा बोलले. माझ्याकडे न बघता बोलले.

"पदर घे."

एवढंच. मी पदर घेतला. आणि तो घेतला ह्याची मला जेवढी चीड येते तेवढी दुसऱ्या कशाचीच येत नाही.

मलकापूरकडून प्रवासी मोटार आली, मामंजी ह्यांना तिच्यात बसवून बुलढाण्याला दवाखान्यात घेऊन गेले. बोटं वाचली, पण मूठ पुढे कधी पुरती वळली नाही, मोटार चालवणं सुटलं ते सुटलंच. मुलगी मात्र उंद्रीला धडधाकट झाली. पण त्या दुपारी ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गिट्टीवाल्यांनी चाक बसवून दिलं, पण चालवणारं कुणी उरलं नव्हतं. बुलढाण्याहून माणूस येईस्तोवर मी आणि सासूबाई पुन्हा पडद्यात.

मी त्यांच्याकडे पाठ करून बसले होते. काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते, आणि एकाहून एक वाईट सुचत होतं. त्या रडत होत्या, आवाज न करता. डोळे पुसत म्हणाल्या, "मले उतरताच नाही आलं व. पाय उचललाच नाही."

मी वळले नाही.

"लग्न होऊन आली तवापासून रस्त्यावर पाय नाही ठेवला मी," त्या म्हणाल्या. मग अगदी हळू विचारलं, "कसा लागते व रस्ता, पायाले?"

मी त्यांच्याकडे वळले. "तापला होता," म्हटलं.

त्यांनी वाकून माझा पाय हातात घेतला. तळव्याला फोड आले होते, मलाच पत्ता नव्हता. सासूने सुनेच्या पायाला हात लावायचा नसतो. मी घाईघाईने ओढून घ्यायला लागले, पण त्यांनी तो मांडीवर घट्ट धरला आणि पदराच्या टोकाने खडे काढत बसल्या.