एकशे बाराव्या पानावरची वच्छलाबाई

वच्छलाबाई गेल्याचं मला सीताबर्डीला कळलं. व्हरायटी चौकात ऑटोची वाट पाहत उभा होतो, तेवढ्यात त्यांच्या मुलाचा, दिलीपचा फोन आला. ‘‘आई गेली सकाळी,’’ एवढंच तो म्हणाला. मी ‘अरेरे’ म्हणालो आणि दुसऱ्याच क्षणी मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते... आता ते पान मला कोणी वाचायला लावणार नाही. सुटलो, असं वाटलं. दीड महिना झाला, अजून सुटलेलो नाही.

शेषरावदादांच्या गायन पार्टीचं नाव आमच्याकडे ज्यानं ऐकलं नाही असा माणूस विरळाच. भीमजयंतीला त्यांची तारीख मिळावी म्हणून गावोगावचे लोक सहा-सहा महिने आधी येऊन बसत. दादांच्या निधनानंतर मी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. वच्छलाबाई मूळच्या भिवापूरच्या. त्या सव्वीस वर्षं दादांच्या मागे दोन पावलांवर उभ्या राहून कोरस गायल्या. पुस्तकातला निम्मा मजकूर त्यांचाच. प्रताप नगरातल्या दिलीपच्या घरी रविवारी दुपारी त्या सांगायच्या, मी लिहून घ्यायचो. त्यांच्यावर मी अख्खं प्रकरण लिहिलं होतं. पण ऐन छपाईच्या वेळी प्रकाशक म्हणाले, पानं फार झाली, एक फॉर्म कमी करा. फॉर्म म्हणजे सोळा पानं. दादांना कात्री लावायची हिंमत माझ्यात नव्हती, मग ती वच्छलाबाईंच्या प्रकरणाला लावली; पुस्तकात त्यांचं नावही उरलं नाही. मुखपृष्ठाचा फोटोही कापून घेतला. त्यात दादांच्या खांद्यामागे टाळी वाजवणारा एक हात तेवढा राहिलाय. तो वच्छलाबाईंचा.

पुस्तक घेऊन मी गेलो तेव्हा त्यांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेल्यातच जमा होते. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, वास घेतला, पदरानं पुसलं आणि विचारलं, ‘‘माह्यं नाव कोन्या पानावर हाये गा?’’

खरं सांगायची तीच वेळ होती. मी म्हणालो, ‘‘एकशे बारा.’’

‘‘मंग वाचून दाखव ना.’’

एकशे बाराव्या पानावर दादांच्या रेडिओवरच्या पहिल्या गाण्याची हकीकत होती. तिच्यावर नजर ठेवून मी जे तिथं नव्हतंच ते वाचू लागलो. दादांच्या गाजलेल्या गाण्याची चाल मुळात वच्छलाबाईंची, त्यांचा आवाज अतिशय गोड, उमरेडच्या कार्यक्रमात दादांचा घसा बसला तेव्हा त्यांनी एकटीनं मैदान सांभाळलं... थाप एकदा सुरू झाली की सुचतही जाते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पानात त्यांनी सुतळीचा तुकडा घातला आणि पुस्तक उशाशी ठेवलं.

पुढं दर खेपेला चहा झाला की पुस्तक पुढं यायचं. मीच रचलेलं मला धड आठवायचं नाही, पण सव्वीस वर्षं दुसऱ्याची ओळ पडताक्षणी उचलणारी बाई ती, तिच्या ध्यानात शब्दन् शब्द. ‘‘मांगं तं तू उमरेड म्हनला होता. आता मौदा कुठून आनलं?’’ मी पानावरून बोट फिरवत म्हणायचो, ‘‘ओळ चुकली, मावशी.’’ घरी परतताना मला एकच धास्ती असायची, दिलीपनं सहज म्हणून ते पान उघडलं तर...

मग त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. भेटायला गेलो तर बाई चष्मा लावून पेपर वाचत बसलेल्या. चहा झाला. त्यांनी उशाशी हात घालून पुस्तक काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

‘‘मावशी, आता तर तुम्हाला दिसून राहिलं,’’ मी म्हणालो.

‘‘दिसते ना. पन मले तुह्याच तोंडून आयकाचं हाये. वाच.’’

मी वाचलं. वच्छलाबाई पानाकडे नाही, माझ्याकडे पाहत होत्या. त्या दिवशी मी दोनदा चुकलो आणि त्यांनी एकदाही टोकलं नाही. नंतर मी जाणंच कमी केलं. दुसऱ्या आवृत्तीत प्रकरण घालू आणि मग तोंड दाखवू, अशी स्वतःची समजूत काढत राहिलो.

त्या गेल्यावर आठवड्याभरानं दिलीपनं ते पुस्तक माझ्या हाती दिलं. ‘‘तुम्हालेच द्या म्हने,’’ एवढंच त्याला ठाऊक होतं. एकशे बाराव्या पानाच्या समासात वरपासून खालपर्यंत वच्छलाबाईंचं पेन्सिलीचं बारीक, थरथरतं अक्षर होतं. मी तोंडानं रचलेलं सगळं तिथं होतं, काही ठिकाणी खोडून सुधारलेलं. ‘चाल माझी नाही, दादाची. ठेका मी बदलला. आवाज गोड नव्हता, जाड होता. उमरेडले मी एकटी नव्हती, ढोलकवाला संग होता.’ आणि अगदी खाली, पान संपता संपता, ‘बाकी बरोबर हाये. छापाचं राहून गेलं.’

आता रविवारी दुपारी मी ते पान मोठ्यानं वाचतो. वाचायला खरोखरच काही आहे, एकही शब्द चुकत नाही. ऐकणारी मात्र राहिली नाही.