पुसलेला चेंडू

आज कपाट आवरताना तुमच्या आजोबांचा गोल्फचा चेंडू हाती आला आणि सकाळपासून माझं कशातच लक्ष नाही.

बाळांनो, नाशिकच्या मैदानावर त्यांचा अंतिम सामना मी बघत होते. चिखलात पडलेला त्यांचा चेंडू मी सवयीने उचलला आणि पदराने पुसला.

"अहो बाईसाहेब, ती काय आमटीची वाटी आहे?" ते हसले. मग म्हणाले, "बायको माझी, म्हणजे दंडही माझाच." गोल्फमध्ये कमी फटके लागतील तो जिंकतो; त्यांनी दंड म्हणून आपल्या नावावर एक फटका वाढवून घेतला आणि एकाच फटक्याने करंडक गेला.

दुसऱ्या दिवशी मी नियमांचं पुस्तक वाचलं. बघणाऱ्याने चेंडू उचलला तर दंड नसतो, तो जागेवर परत ठेवायचा असतो. हे त्यांना सांगायचं धाडस मला शेवटपर्यंत झालं नाही.

तुम्ही आता खेळायला लागलात ना? आधी नियम वाचा. आजोबांनी वाचले असते, तर आज मी करंडक पुसत बसले असते.