दांडी चावते

चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत वायरमन दोनदा थांबला. लिफ्ट बंद आहे हे फोनवर सांगायचं राहून गेलं, असं दार उघडणारी सून ओशाळून म्हणाली. त्याने खांद्यावरची शिडी भिंतीला टेकवली आणि नुसती मान हलवली. सकाळपासून हे तिसरं घर. एकतीस वर्षं लोकांच्या छतांकडे बघून मान आखडलेली, गुडघे तर कधीच निवृत्त झालेले. तो स्वतः तेवढा व्हायचा राहिला होता. बायको रोज म्हणायची, "आता पुरे करा." तोही रोज म्हणायचा, "करतो."

"बाथरूमचा पंखा फार वाजतो," सून म्हणाली. "नुसतं हेलिकॉप्टर."

"उडत नाही ना? मग झालं." हा विनोद त्याने शंभर घरांत तरी केला असेल. त्याला स्वतःला हसू येणं कधीच बंद झालं होतं.

आतल्या खोलीच्या दारात सुनेची सासू येऊन उभी राहिली. वाळक्या अंगाची, पण नजर धारदार. "वायरवाले का तुम्ही? मग आधी ती दांडी बघा. चावते."

"आई, तुम्ही बसा बघू," सून म्हणाली आणि आवाज उतरवून त्याला सांगू लागली. सासूबाईंनी बावीस दिवस आंघोळ केली नव्हती. ओल्या फडक्याने अंग पुसून द्यायचं, तेही खोलीत. दांडी चावते, हा एकच हेका. आणि ती दांडी तर बाथरूममध्ये त्यांचा तोल जाऊ नये म्हणून मुलाने स्वतःच्या हाताने बसवलेली. त्याने धरूनही दाखवली. डॉक्टर म्हणाले, या वयात असे भास होतात. गोळ्या चालू आहेत. "माझ्या तर नाकी नऊ आलेत हो. समजवायचं तरी किती?"

लोक घरातलं दुःख वायरमनला का सांगतात, हे त्याला कधी कळलं नव्हतं. पंख्यात दोन थेंब तेल सोडावं आणि घर गाठावं, एवढंच त्याच्या मनात होतं. पण 'चावते' हा शब्द कानात अडकला. विजेचा झटका मोठा असला तर माणूस ओरडतो. बारीक असला तर त्याला काय म्हणावं तेच सुचत नाही.

"साहेबांनी दांडी धरून पाहिली, तेव्हा पायात काय होतं?"

"बूट. ऑफिसला निघाले होते."

"आणि लाइट?"

"भर दिवसा कशाला लावतील?"

लाइट आणि पंखा एकाच बटणावर होते. त्याने बटण दाबलं. पंखा खडखडत सुरू झाला. त्याने टेस्टरचं टोक दांडीला लावलं, आणि टेस्टरच्या पोटातला लालसर दिवा पेटला. बटण बंद केलं, दिवा विझला. त्याने पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा पेटला.

मग मेन बंद करून तो शिडीवर चढला. पंखा लोखंडी, खिडकीच्या लोखंडी चौकटीला आवळलेला. भिंतीला भोकं नकोत म्हणून मुलाने दांडीचं वरचं टोक त्याच चौकटीला जोडलं होतं. आंघोळीची वाफ वर्षानुवर्षं मोटारीत मुरलेली, त्यामुळे वीज चौकटीतून दांडीत उतरायची; आणि अर्थिंगची वायर कुणीतरी आखूड कापून चिकटपट्टीत गुंडाळून ठेवलेली. वीज गळली की आपोआप बंद करणारा ब्रेकर असता, तरी निभावलं असतं. तो बोर्डावर नव्हताच.

"सारखा पडून घरातली वीज घालवायचा तो," सून म्हणाली. "मागच्या वायरमनला सांगून काढून टाकला."

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" तो म्हणाला. पण तरुणपणी त्यानेही तीनचार घरांत हेच केलं होतं. लोक पिच्छा सोडत नव्हते म्हणून. तिथे पुढे काही झालं नाही. निदान त्याच्यापर्यंत बातमी आली नाही. ती घरं कुठली, हेही आता आठवत नव्हतं.

तो खोलीच्या दाराशी गेला. "आजी, दांडी खरंच चावते."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. मग सुनेकडे वळून म्हणाली, "उरलेल्या गोळ्या तू घे आता."

सून हसायला गेली आणि रडायलाच लागली. "मला कधीच कसं लागलं नाही?"

"तुम्ही दांडी धरत नाही. आणि पायात रबरी चप्पल असेल."

दुसऱ्या दिवशी त्याने प्लॅस्टिकच्या अंगाचा पंखा बसवला, त्याचं बटण बाथरूमबाहेर घेतलं, चौकटीला आणि बोर्डाला नीट अर्थिंग केलं, ब्रेकर परत लावला. मुलगा रजा घेऊन शिडी धरून उभा होता. दांडी सोडवून नुसत्या भिंतीवर बसवायची वेळ आली, तेव्हा खालूनच म्हणाला, "मी ओरडायचो तिला. एकदा तर हात धरून ओढत आत नेलं. वर लाइटही मीच लावला."

"तो स्क्रू द्या," वायरमन म्हणाला.

काम झाल्यावर आजी आल्या. "आता तुम्ही धरा. अनवाणी."

"आजी, मीटर लावून तपासलंय. हात लावून बघायची रीत नाही आमच्यात."

"माझ्यात आहे."

त्याने मोजे काढले. गुडघा कुरकुरला. ओल्या फरशीवर उभं राहून त्याने दांडी मुठीत धरली, आणि पंखा चालू करायला सांगितला. आजी त्याच्या तोंडाकडे निरखून बघत होत्या. त्यांचं समाधान होईपर्यंत त्याने हात सोडला नाही.

तो हत्यारं पिशवीत भरत होता तेव्हा बाथरूमचं दार लागलं आणि बादलीत पाणी पडू लागलं. मुलगा दाराबाहेर भिंतीला टेकून उभा होता.

सून जिन्यापर्यंत पोचवायला आली. "माझ्या आईकडेही असाच जुना पंखा आहे हो. ती काही तक्रार करत नाही, पण..."

चार मजले उतरायचे होते. पाय भरून आले होते. वायरमनने शिडी पुन्हा खाली टेकवली.

"कितवा मजला?" त्याने विचारलं.

"तिसरा. लिफ्ट नाही."

"पत्ता लिहून द्या," तो म्हणाला. "आणि मी येईपर्यंत पंखा लावू नका म्हणावं."