सहा पावलांत सांडलेली मापं

"स्वल्प थांबा, आधी मोजू दे."

व्यंकोजी शिंप्यांच्या तोंडून हे कानडी वळणाचं वाक्य दिवसातून वीसदा तरी निघायचं. गिऱ्हाईक कापड उलगडून रंगाविषयी बोलू लागलं की निघायचं, आणि घरी बायकोने खिडकीच्या पडद्याचा विषय काढला की तेव्हाही. मल्लेश्वरमात आठव्या क्रॉस रस्त्याजवळ त्यांचं अरुंद, लांबट दुकान. दाराशी काजं-बटणं करणाऱ्या बायकोचं, अहल्याबाईंचं, स्टूल, मध्ये आरसा, आणि पार आत, भिंतीत पक्कं बसवलेलं शिसवी टेबल. आरशापासून त्या टेबलापर्यंत अंतर सहा पावलांचं.

त्यांच्या घराण्याची रीत अशी की मापं लिहून घ्यायची नाहीत. गिऱ्हाईक आरशापुढे उभं राहील, शिंपी टेप घेऊन त्याच्याभोवती फिरेल, गळा, खांदा, छाती, कंबर, बाही, उंची असे अकरा आकडे डोक्यात ठेवील, आणि सहा पावलं चालून टेबलापाशी गेला की खडूने ते कापडाच्या उलट्या बाजूवर एका दमात उतरवील. वही उघडणारा शिंपी अजून शिकतोय असं समजायचं. व्यंकोजींनी चौपन्न वर्षं ही रीत सांभाळली. अहल्याबाईंनी सुईत दोरा ओवता ओवता त्यातली चव्वेचाळीस पाहिली.

मग गेल्या वर्षी व्यंकोजींच्या डाव्या कानात काहीतरी बिघडलं. आठ दिवस जमीन नावेसारखी झुलत होती. औषधांनी गरगर थांबली, पण पाऊल मात्र तेव्हापासून जपून पडू लागलं, ओल्या मोरीत पडावं तसं.

आणि पावसाळ्याच्या शेवटी रत्नाकरांचा कोट चुकला. रत्नाकर म्हणजे तीस वर्षांचं गिऱ्हाईक, निवृत्त हेडमास्तर. कोट चढवून ते आरशापुढे उभे राहिले. छातीवर कापड लोंबत होतं आणि पोटावर बटण लागत नव्हतं.

"व्यंकोजी, या कोटाने माझ्या पोटाला छाती समजलंय की हो! आता श्वास पोटातून घेऊ म्हणता?"

दुकानात सगळे हसले. व्यंकोजी हसले नाहीत. त्यानंतर दोनदा असं झालं की ते खडू हातात घेऊन टेबलापाशी नुसते उभे राहिले. अकरातले चार आकडे उरलेले, बाकीचे वाटेतच सांडलेले.

त्यांचा मुलगा श्रीवत्स इंदिरानगरला एका कचेरीत कामाला. त्याच्या कानावर गेलं. रविवारी तो समोर बसला आणि म्हणाला, "अण्णा, आता पुरे. विसरायला होतंय तुम्हाला. दिवाळीनंतर दुकान बंद करू. लोक हसण्याआधी कात्री खाली ठेवलेली बरी."

अहल्याबाई वाट पाहत राहिल्या. आता हे म्हणतील, स्वल्प थांब, आधी मोजू दे. व्यंकोजी कानडीत नुसतं "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि उठून आत गेले.

त्या एका शब्दाने अहल्याबाईंना कळलं: माणसाने स्वतःच्याच डोक्यावरचा भरवसा सोडला होता.

पण त्यांना एक गोष्ट कळेना. दुपारी दोघं अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसली की हेच गृहस्थ गावभरच्या नवरदेवांची मापं घडाघडा सांगायचे. मग ती दुकानातच कुठे जातात? नवरा हरवतोय याची भीती होतीच, पण त्या भीतीवर आता नवल चढून बसलं.

त्यांनी शेंग सोलता सोलता सहज विचारलं, "अहो, रत्नाकरांच्या थोरल्याच्या लग्नातल्या कोटाची बाही किती होती?"

"साडेतेवीस. डावी पाव इंच कमी. का गं?"

"काही नाही. आठवलं आपलं."

दुसऱ्या दिवशी व्यंकोजी माडीचा जिना चढत असताना त्यांनी खालून तोच प्रश्न टाकला. व्यंकोजींचा पाय पायरीवर अडखळला, हात भिंतीला गेला.

"बाही? कुणाची बाही?"

व्यंकोजींनी पाठ भिंतीला टेकली, दोन श्वास घेतले, आणि वरून आवाज आला, "साडेतेवीस! कालच सांगितलं ना तुला? विसरायला तूच लागलीस!"

अहल्याबाईंनी रात्रीच श्रीवत्सला फोन लावला. तो दुकानाचं बोलू लागला तशा त्या म्हणाल्या, "स्वल्प थांब. आधी मोजू दे."

कानाच्या दवाखान्यात तपासणारी मुलगी, शाल्मली, पुण्याहून आलेली. तिने व्यंकोजींना खुर्चीत बसवून शंभरातून तीन-तीन वजा करायला सांगितलं. ते थेट एकपर्यंत आले आणि म्हणाले, "पुढे कापड नाही." कागदावरच्या आणखी चाचण्या झाल्या. मग तिने जमिनीवर एक पट्टी दाखवली. "काका, आता हेच, पण या लाइनवरून चालत."

"सत्त्याण्णव. चौऱ्याण्णव..." पाय डावीकडे गेला. "चौऱ्याण्णव..." व्यंकोजी थांबले. आकडा गेला होता.

त्यांचा चेहरा उतरलेला पाहून शाल्मलीने विचारलं, "काका, मशीन चालवताना पायाकडे लक्ष देता तुम्ही?"

"छे. पाय आपला चालतो."

"तोलही असाच आपला आपण राहतो. मान वळली, अंग कललं, याची खबर आतला कान डोक्याला सतत देतो. तुमच्या डाव्या कानाची खबर आता नीट पोचत नाही. म्हणून तुमच्या डोक्याला स्वतः पायांवर पहारा द्यावा लागतो. तेवढ्या वेळात आकडे कोण धरणार?"

"म्हणजे बुद्धी गेली नाही?"

"बसून केलेल्या टेस्ट वयाच्या मानाने छान आहेत. सहा महिन्यांनी परत बघू. व्यायाम मात्र रोज. अंगठा डोळ्यांपुढे धरायचा, नजर त्याच्यावर, आणि मान हलवायची. बरंच सुधारतं. अगदी पूर्वीसारखं होईल असं नाही म्हणणार मी. आणि काका, एक वही ठेवा ना दुकानात."

व्यंकोजींनी तिच्याकडे असं पाहिलं की अहल्याबाईंनी घाईने विचारलं, "व्यायाम जेवणाआधी की नंतर?"

रिक्षातून उतरून व्यंकोजी थेट दुकानात शिरले, आरशापुढे उभे राहिले, टेबलाकडे पाहत राहिले. टेबल हलणार नव्हतं. मग त्यांनी आरसाच भिंतीवरून उतरवला आणि टेबलाशेजारी टांगला. अहल्याबाईंचं स्टूल ओढून त्यावर बसून पाहिलं.

"अहो, आणि मी कुठे बसू?"

"तुला खुर्ची आणू. गादीची."

रविवारी रत्नाकर नवं कापड घेऊन आले. श्रीवत्सही आला होता, हाताची घडी घालून उभा. व्यंकोजी स्टुलावर ताठ बसले. आजवर शिंपी फिरायचा, आज गिऱ्हाईक फिरलं.

"वळा. स्वल्प अजून. हात खाली."

"या वयात मला गिरक्या मारायला लावताय," रत्नाकर म्हणाले. "आता चक्कर मला येईल."

"आली तर डॉक्टरीण माहितीची आहे."

मग एकच उठणं, टेबलाला हात, आणि खडू चालू लागला. अकरा आकडे, एका दमात. श्रीवत्सने दुसरी टेप घेऊन रत्नाकरांना पुन्हा मोजलं. दहा जुळले. पाठीच्या उंचीत अर्ध्या इंचाचा फरक.

व्यंकोजींनी न उठता सांगितलं, "टेप तिरकी धरलीस."

श्रीवत्सने टेप सरळ केली. पाहिलं. टेप गुंडाळून खिळ्याला अडकवली. दिवाळीची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

कोट नेमका बसला. तो पोचवायला व्यंकोजी स्वतः निघाले, पिशवी उजव्या हातात, नजर रस्त्याच्या टोकाच्या कडुनिंबावर. फूटपाथची एक फरशी निघालेली होती, तिथे ते क्षणभर थांबले, मग ओलांडून गेले.

गादीच्या खुर्चीतून अहल्याबाई पाहत होत्या. येताना कोथिंबीर आणा, असं सांगायचं राहिलं होतं. हाक ओठापर्यंत आली. त्यांनी ती तशीच धरून ठेवली, बटण अर्धं शिवलेलं, सुई हवेत, व्यंकोजींचा पांढरा सदरा कडुनिंबापाशी वळेपर्यंत.